बी राखणे हा संग्रह होय काय?



गेल्या वर्षी भाद्रपदाच्या अखेरीस सिल्वासाजवळील अथाल या गावी एका भक्ताच्या घरी आमचा दोन दिवस मुक्काम झाला. तेथे एका साध्या दुधी भोपळ्यावरून जो प्रसंग घडला, तो तेव्हापासून मनात घोळत आहे. प्रसंग लहान आहे; परंतु त्यातून जी शंका उपस्थित झाली ती लहान नाही, आणि तिचे उत्तर त्या दिवशी आम्हांस देता आले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

दमणगंगेच्या काठचा हा मुलूख मूळचा वारली, कोकणा, धोडिया लोकांचा. १९५४ पर्यंत येथे पोर्तुगीजांचा अंमल होता; पुढे हा केंद्रशासित प्रदेश झाला आणि २०२० साली दमण व दीव यांच्याशी जोडला गेला. गेल्या चार दशकांत येथे कारखाने आले आणि कारखान्यांच्या मागोमाग देशोदेशीचे कामगार आले. आमचे हे भक्त सोलापूरकडचे. वीस वर्षांपूर्वी पोटासाठी येथे आले, भाड्याच्या घरात राहिले. घरामागे दोन गुंठ्यांचे परसू आहे, ते त्यांच्या मातोश्री सांभाळतात. आजींचे वय सत्तरीपुढचे. अक्षर ओळखत नाहीत. पण त्या परसात त्यांनी जे शिकून ठेवले आहे ते ऐकत आम्ही एक अख्खी सकाळ बसलो होतो.

गावाहून येताना त्यांनी लुगड्याच्या पदरात दोडका, गवार, अंबाडी असे काहीबाही बी बांधून आणले होते. पहिल्या वर्षी मृगाच्या पहिल्या सरीला ते गावाकडच्या रीतीने टाकले आणि आठ दिवसांत सगळे कुजले. सोलापूरकडच्या पावसाच्या तिपटीहून अधिक पाऊस या भागात पडतो. वर्षाचे माप दोन हजार मिलिमीटरच्या वर जाते आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. शेजारच्या वारली बाईने हे पाहिले. तिने कुदळ घेतली आणि आजींची आळी मोडून त्या जागी मातीचे उंचवटे केले. आजी सांगत होत्या, "महाराज, आपल्याकडं आळं करायचं ते पाणी थांबावं म्हणून. हितं माती वर वढायची, ती पाणी निघून जावं म्हणून. सगळं उलटं." त्या बाईने आपल्या घरचे दुधीचे मूठभर बीही दिले आणि सांगितले की पाऊस येण्याआधीच, वैशाखाच्या अखेरीस, हाताने पाणी घालून रोप उभे करावे, म्हणजे झड लागेल तेव्हा वेलाची मान वर असते. आजींच्या मांडवावरचा दुधी तेव्हापासून त्याच बियाचा.

आजींचे वर्ष या परसातच फिरते. ज्येष्ठ-आषाढात वेल चढत असतात आणि खायला काहीच नसते. बाहेर सगळे हिरवे आणि चुलीवर मात्र डाळ. तेव्हा त्या टाकळा, कुरडू अशा रानभाज्या खुडून आणतात. त्या कोणी पेरलेल्या नसतात, शेजारणीने ओळख करून दिलेल्या. श्रावण-भाद्रपदात काकडी, दोडकी, घोसाळी, पडवळ यांचा इतका लोट येतो की काकडी देणारा आणि घेणारा दोघेही एकमेकांची नजर चुकवून जातात! दसऱ्यानंतर मांडव सुकू लागतो, वांगी-मिरचीची रोपे जीव धरतात, वाल कुंपणावर चढतो. मार्गशीर्ष-पौषात वालाच्या शेंगा आणि कंद. याच दिवसांत वलसाडच्या बाजूला पापडी व कंद मडक्यात भरून, मडके पालथे घालून विस्तवात भाजतात, त्याला उंबाडियुं म्हणतात. माघ-फाल्गुन हे बी वाळविण्याचे महिने. चैत्र-वैशाखात जमीन भेगाळते. मग भांडी विसळलेले पाणी कोणाला घालायचे याचा रोज निवाडा करावा लागतो. तोंडलीचा वेल, शेवगा आणि कढीपत्ता एवढेच राखतात, बाकीच्याला नमस्कार करतात.

हे सारे ऐकत असतानाच तो प्रसंग घडला. आमच्यासोबत अचानक आणखी काही मंडळी आली आणि पंगत बारा जणांची झाली. आठ दिवस पावसाची झड लागलेली. दोडक्याची फुले गळून गेलेली, काकडी संपलेली, बाजारात जाणे अवघड. मांडवावर एकच दुधी लोंबत होता. सरळ, निकोप, हातभर लांब, अजून कोवळा. त्याच्या देठाला लाल चिंधी बांधलेली होती. सूनबाई विळी घेऊन निघाल्या, तोच आजींनी त्यांना थांबविले.

"त्यो न्हाई कापायचा. त्यो बियाला ठेवलाय."

मुलगा संकोचून गेला. "आई, महाराज काय रोज येतात? आणि पुढच्या सालाचा भरवसा काय? घरमालक दिवाळीनंतर इथं खोल्या बांधणार म्हणून सांगून गेलाय. मांडवच राहणार नाही, तर बी कुणासाठी राखतेस?"

आजी काही बोलल्या नाहीत, पण विळीही सोडली नाही. तेव्हा मुलगा आमच्याकडे वळला. तो वाचणारा आहे. म्हणाला, "महाराज, लक्कम्मांची गोष्ट आपणच आम्हांला सांगितली. जास्तीचे तांदूळ त्यांनी परत पाठवले. उद्याची तरतूद हा संग्रह, तो भक्ताला शोभत नाही असे आपण सांगता. मग दारात पंगत बसलेली असताना पुढच्या वर्षासाठी दुधी राखणे, हा संग्रह नव्हे काय?"

आम्ही एवढेच म्हणालो की दुधी राहू द्या, परसात अळू आहे. अळूची पातळ भाजी झाली, भात झाला, जेवणे झाली. पण प्रश्न तसाच राहिला. खरे सांगायचे तर आम्ही त्या माउलीची बाजू घेतली ती विचाराने नव्हे. एका जुन्या अपराधाच्या आठवणीने घेतली. बारा-तेरा वर्षांपूर्वी आमच्या मठाच्या परसात एक वृद्ध सेवक होते. त्यांनीही असाच एक दुधी चिंधी बांधून राखला होता. बुटका, मान आखूड, गराला गोडसर. एका सोमवारी भक्तांची दाटी झाली, भाजी कमी पडू लागली आणि आम्ही तो कापावयास सांगितले. दासोहापुढे दुधीची काय मातब्बरी, असा आमचा भाव होता. त्या सेवकांनी स्वतःच्या हाताने तो आणून दिला, शब्द बोलले नाहीत. पुढच्या वर्षी दुकानातले बी आणले. वेल उत्तम आले, दुधीही पुष्कळ लागले. तो बुटका दुधी मात्र पुन्हा आला नाही. पुढे ते सेवक लिंगैक्य झाले, आणि त्या वाणाला काय म्हणत असत हेसुद्धा आम्ही त्यांना कधी विचारले नव्हते.

असो. आता शंकेकडे वळू.

प्रथम लक्कम्मांची कथा नीट पाहिली पाहिजे, कारण पूर्वपक्ष तिच्यावरच उभा आहे. बाराव्या शतकात कल्याणनगरीत मारय्या व लक्कम्मा हे दांपत्य होते. सांडलेले तांदळाचे दाणे वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. 'आय्द अक्की' म्हणजे वेचलेला तांदूळ, त्यावरूनच त्यांना आयदक्की हे नाव पडले. एके दिवशी ते नेहमीपेक्षा अधिक तांदूळ घेऊन आले. लक्कम्मांनी तो घरात घेतला नाही. जादा दाणे जेथून आणले तेथे परत टाकून या, असे त्यांनी पतीस सांगितले. आता विचार असा की लक्कम्मांचा आक्षेप कशाला होता? उद्याला, की जास्तीला? कथेत उद्याचा प्रश्नच प्रथम येत नाही. मारय्यांचे रोजचे एक माप ठरलेले होते आणि त्या मापाच्या वर गेलेला दाणा हा दुसऱ्या कोणाच्या तरी ओंजळीतला होता. अंगण सर्वांचे, आपण अधिक वेचले की मागून येणाऱ्यास कमी उरणार. शिवाय हात मापाबाहेर गेला तो मन मापाबाहेर गेल्यामुळे. लक्कम्मांनी बोट ठेवले ते मनावर.

या कसोटीस आजींचा दुधी लावून पाहावा. तो कोणाच्या अंगणातून वेचलेला नाही, मापाबाहेरचाही नाही. एका वेलाचे एक फळ राखले आहे. पण एवढ्याने सुटका होत नाही. पंगतीतील बारा जणांच्या पानांतून तो कमी झालाच ना? बी राखणे म्हणजे आजच्या कोणाचा तरी घास बाजूला काढणेच आहे. एरवी आपण ते विसरतो, कारण भाजीला दुसरे काही मिळते. मिळत नसेल तर?

तसे एकदा घडले आहे, आणि तेथेही तांदूळच होता. रशियातील लेनिनग्राड नगरीस १९४१ च्या सप्टेंबरात जर्मन सैन्याचा वेढा पडला. तो १९४४ च्या जानेवारीत पूर्णपणे उठला. पहिल्याच हिवाळ्यात असे दिवस आले की पुष्कळांना दिवसाकाठी १२५ ग्रॅम पाव मिळे. या नगरीत निकोलाय वाव्हिलोव्ह या शास्त्रज्ञाने जगभर हिंडून जमविलेल्या बियाण्यांची संस्था होती. गहू, तांदूळ, भुईमूग, कडधान्ये, पोत्यांनी आणि पुड्यांनी. तेथील कार्यकर्ते त्या धान्याची राखण करीत राहिले आणि त्यांतील अनेक जण उपासमारीने मेले. तांदळाचे अभ्यासक दिमित्री इव्हानोव्ह १९४२ च्या जानेवारीत गेले, तेव्हा त्यांच्याभोवती तांदळाच्या हजारो पुड्या जशाच्या तशा होत्या. स्वतः वाव्हिलोव्ह त्या वेळी आपल्याच सरकारच्या कैदेत होते. १९४३ च्या जानेवारीत साराटोव्हच्या तुरुंगात, तेही उपासमारीने, त्यांचा अंत झाला.

लक्कम्मांनी तांदूळ घरात घेतला नाही. इव्हानोव्ह यांनी घरात असलेला तांदूळ खाल्ला नाही. दोन्ही ठिकाणी न खाल्लेला तांदूळ आहे. एकाला आपण अपरिग्रह म्हणतो. दुसऱ्याला संग्रह म्हणावयास जीभ धजत नाही. संग्रहाचे लक्षण साठवण हे असते, तर इव्हानोव्ह थोर संग्राहक ठरतील. पण ज्याने साठविले त्यालाच ते उपभोगावयाचे असते, तेव्हा तो संग्रह. इव्हानोव्ह यांच्या पुड्यांतला एकही दाणा त्यांच्यासाठी नव्हता. अपरिग्रहाचा हा अर्थ पातंजल योगातही धरता येतो: वस्तू जवळ आहे की नाही यापेक्षा ती 'माझी' म्हणून धरली आहे की नाही, हे पाहावयाचे.

येथेही एक काटा राहतो. तो लपविणे बरे नव्हे. इव्हानोव्ह यांना स्वतःच्या भुकेवर अधिकार होता. पण बाहेर त्याच नगरीत मुले मरत होती. त्यांच्या भुकेवर कोणाचा अधिकार? जो स्वतः उपाशी राहून बी राखतो त्यापुढे हात जोडावेत; जो दुसऱ्याला उपाशी ठेवून राखतो त्याच्याविषयी तसे म्हणता येत नाही. इव्हानोव्ह या दोहोंपैकी कोठे बसतात, याचा निवाडा उबदार मठात बसून आम्हांस करता येत नाही. आमच्या प्रसंगात हा पेच नव्हता, अळू होते. इतकेच कशाला, आजी स्वतः त्या दिवशी सर्वांच्या मागून, अगदी थोडे जेवल्या.

आता बियाचा स्वतःचा स्वभाव पाहू. सोने शंभर वर्षे पुरून ठेवले तरी सोनेच राहते, म्हणून त्याचा लोभ सुखाने वाढतो. बियाचे तसे नाही. कांद्याचे बी वर्ष-दोन वर्षांत मंदावते. दुधीचे त्याहून टिकते, पण अथालच्या दमट हवेत फार नाही. पूर्ण वाळवून, राखेत घोळवून, चुलीच्या धुरावर टांगून आजी ते दोन-तीन वर्षे नेतात. कृषिपराशर या संस्कृत ग्रंथात बी माघ-फाल्गुनात गोळा करावे, उन्हात चांगले वाळवावे, खाली जमिनीवर ठेवू नये असे सांगितले आहे. ते आजींनी ऐकलेले नाही, पण करतात तेच. इतके करूनही ज्याने बी केवळ धरून ठेवले त्याच्या हाती शेवटी भुसाच उरतो. ते मातीत टाकावे लागते, म्हणजे हातातून घालवावेच लागते.

दुसरे असे की दुधीचे बी कधीच एकट्याच्या घरचे नसते. एकाच वेलावर नर व मादी अशी निरनिराळी फुले येतात. पांढरी फुले सायंकाळी उमलतात आणि पतंग व मधमाश्या एका मांडवाचा पराग दुसऱ्या मांडवाला नेतात. आजींच्या दुधीच्या पोटात शेजारणीच्या वेलाचा अंश असणारच. शास्त्रकार बीजांकुरन्याय सांगतात, बी आधी की अंकुर आधी. परसातला न्याय त्याहून गुंतागुंतीचा आहे, कारण तेथे कुंपणापलीकडचाही हिस्सा धरावा लागतो.

दुकानातील संकरित बियाविषयी कित्येक जण रागाने बोलतात. आमचा तसा राग नाही. त्या बियाने पुष्कळांची पोटे भरली आहेत, आणि ज्याला परसूच नाही त्याला कशाचा उपदेश करावा? पण त्याच्या फळातले बी पेरले तर पुढची पिढी तशीच येईल याची खात्री नसते. म्हणून दरवर्षी नवे विकत घ्यावे लागते आणि चिंधी बांधण्याचे कारणच राहत नाही. बी राखणे, पेरणे, देणे-घेणे हा शेतकऱ्याचा हक्क आपल्या देशात २००१ च्या कायद्याने मान्य केला आहे. नाममुद्रा लावून बियाणे म्हणून विकणे तेवढे वगळले आहे. हक्क कागदावर आहे. तो वापरण्याची सवय मात्र कोणीतरी म्हातारी माउली चालू ठेवते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव सर्वांनी ऐकले आहे. शाळेत न गेलेल्या या आदिवासी महिलेने वालापासून भातापर्यंत गावठी बियाणे घरात राखले, बायकांना परसबागेसाठी वाटले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या मडक्यांत बी साठवितात, हा संग्रहच. पण त्यांच्या घरचे बी पेरून आज किती घरांच्या कुंपणावर वाल चढला आहे ते पाहिले, की संग्रह या शब्दाला आपण फार घाईने वाईट ठरविले असे वाटते.

एका गोष्टीवर मात्र आम्ही आजींना दुसऱ्या दिवशी छेडले. त्या बियाचे तीन वाटे करतात. एक पेरायचा, एक मागेल त्याला द्यायचा, आणि एक मडक्यात तसाच ठेवायचा. हा तिसरा वाटा कशाला, असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, "पैलं कुजलं तर पुन्हा टाकाया नगं का? पाऊस काय आपल्या हातात हाय?" आम्ही म्हणालो, मग मागणारा दुसऱ्यांदा आला तर या मडक्यातून देता काय? आजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग हसून म्हणाल्या, "दिते. पर जरा जड जातं." या उत्तराने आमचे फार समाधान झाले. संग्रह कोठे सुरू होतो ते या माउलीला ठाऊक होते. ती जागा तिने लपविली नाही, आणि तेथे हात अडखळतो हेही सांगितले. श्रावणात काकड्या वाटताना हात जड होत नाही. त्या दानाचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही.

माघात त्यांचा मुलगा काही कामाने आमच्याकडे आला. त्याने कागदाची एक पुडी हाती दिली. दिवाळीनंतर परसाचा निम्मा भाग खणला गेला होता, पाये भरले होते, मांडव गेला होता. दुधी त्याआधी वाळून खडखडीत झाला होता. अर्धे बी आजींनी शेजारच्या वारली बाईला परत दिले, अर्धे आमच्याकडे पाठविले. मडक्यात काय उरले, असे आम्ही विचारले, तेव्हा तो म्हणाला, "मडकं पालथं घातलंय. कवचही त्या बाईच्या घरच्यांनी नेलं, तारपा करायला." वारली लोकांचे हे वाद्य वाळलेल्या दुधीचेच असते. मग जरा थांबून तो म्हणाला, "महाराज, त्या दिवशी मी विचारलं ते चुकलं का?" आम्ही सांगितले, चुकले नाही, तुझ्या प्रश्नाने आम्हांला बरेच दिवस जागे ठेवले.

आमच्याकडचा मुलूख कोरडा, म्हणून येथे पुन्हा खोल आळी केली. आठ बिया टाकल्या, पाच उगवल्या. यंदाच्या श्रावणात दुधी लागले, भक्तांच्या पंगतीला गेले. एकाला चिंधी बांधली आहे. मागच्या सोमवारी मंडळी जास्त जमली, तेव्हा मुदपाकखान्यातील मुलाने येऊन विचारले, हा घेऊ का? त्या दिवशी तांबडा भोपळा बाजारातून आणविला. परवा अथालहून दूरध्वनी आला. यंदा ज्येष्ठातच धुवाधार पाऊस झाला आणि शेजारणीचे वेल दोन्ही वेळा कुजले. तिच्याकडे बी उरलेले नाही. येथला दुधी वाळायला अजून दोन महिने आहेत. मुलगा रोज त्याला बोटाने टिचकी मारून आवाज ऐकतो.